पडद्यावरचं लगीन

सगुणाबाई धवलारीण होती. उरणच्या बाजूच्या आमच्या आगरी गावांत तेव्हा लग्न लागायचं ते धवलारणीच्या गाण्यांवर. भटजी असला तर असला, नसला तरी कुणाचं अडत नसे. हळद लावायची ती तिच्या गाण्यावर, मांडवात देव बसवायचे ते तिच्या गाण्यावर. नवरा-नवरी समोरासमोर उभी राहिली की गावदेवीपासून घरातल्या मेलेल्या थोरामोठ्यांपर्यंत एकेकाला नावानं हाक मारून बोलवायचं, तेही तिनंच. या गाण्यांना धवले म्हणतात. ही सगळी मंडळी मांडवात येऊन बसली की लग्न लागलं. मग ते मोडायची सोय नाही.

सगुणाबाईला हे सासूनं, येसूबाईनं शिकवलं. घरात बसून नव्हे. मिठागरात मीठ ओढता ओढता येसूबाई एक ओळ म्हणायची आणि सून ती पुढच्या वाफ्यापर्यंत घोळवत जायची. सासू गेली, पाठोपाठ नवरा तापानं गेला. मागे राहिली एक मुलगी, ठमी. सगुणाबाई दिवाळीनंतर मिठागरात राबायची, पावसाळ्यात लोकांच्या शेतात लावणीला जायची आणि लग्नसराईत गावोगाव धवले गायची. मिठानं तिच्या टाचा फाटलेल्या असत. पण मांडवात ती पाटावर बसली की गावचा पाटीलसुद्धा विडी विझवायचा. आवाज गोड नव्हता. जाड, थोडा घोगरा, पण खाडीपलीकडे ऐकू जाईल असा होता.

तिला एकच घोर होता. शिकायला कुणी येत नव्हतं. पोरींना मोरा बंदराच्या धक्क्यावरच्या हॉटेलातल्या रेडिओची गाणी पाठ. ठमीसुद्धा म्हणायची, "आये, तुझी ती लांबलचक गाणी मना नको. मधीच झोप येते."

सत्तावन्न सालच्या मार्गशीर्षात दादा वालावलकर गावात आले. दत्तात्रेय वालावलकर हे त्यांचं पूर्ण नाव. तरुणपणी त्यांनी मूकपट काढले होते. आता साठी उलटली होती आणि देशभर हिंडून ते लहान लहान चित्रपटांची एक मालिका करत होते. कुठले कुंभार, कुठले विणकर, कुठले होड्या बांधणारे. वाट, वाटेवरची माणसं आणि त्यांच्या हातातली कला, एवढंच त्यात असायचं. पेणच्या गणपती करणाऱ्यांचं काम टिपून ते उरणकडे आले, तिथं धक्क्यावर कुणीतरी सगुणाबाईचं नाव सांगितलं. बूट हातात धरून ते बांधावरून चिखल तुडवत तिच्या दारात आले आणि अंगणात सरळ जमिनीवर बसले.

माणूस भला होता, हे मी सांगितलंच पाहिजे. तांदळाची भाकरी आणि सुकट मिटक्या मारत खाल्ली. सगुणाबाई बोलू लागली की मध्ये शब्द घालत नसत. तिचं कुणी असं ऐकलंच नव्हतं. नवरा असताना त्यानंही नाही.

"सगुणाबाई, एखादं लग्न दाखवाल का आम्हाला?" ते म्हणाले.

"आता कंचं लगीन, साहेब? आमची लग्नं वैशाखात."

"वैशाखात मी कुठे मलबारात असेन. आपण एक खोटंच लावू. नवरा-नवरी बसवू. तुम्ही थोडं गा, आम्ही चित्र घेऊ."

सगुणाबाई हसली. "खोट्या लग्नाला देव कसे येतील?"

दादांनी आग्रह धरला नाही. उठताना फक्त विचारलं, "तुमच्यामागं हे कोण गाणार?"

ते गेले, ती भांडी घासत बसली आणि मागच्या पडवीत ठमी रेडिओवरचं कुठलंसं गाणं गुणगुणत होती. दुसऱ्या सकाळी सगुणाबाई शाळेच्या ओट्यावर गेली, तिथं त्यांची मंडळी उतरली होती. ती म्हणाली, "लावू."

खोट्या लग्नात आपली मुलगी बसवायला गावात कुणी तयार होईना. ठमीच म्हणाली, "मी बसते की. मना हळदीचं लुगडं नेसायचंय." तिचं लग्न ठरलेलं होतं, खाडीपलीकडच्या गावच्या सदाशी. नवरा म्हणून कुणाला बसवायचं, यावर बायकांत बरीच चर्चा झाली. शेवटी भावकीतल्या भागुबाईचा चंदर निवडला. दोघांचं कूळ एक, देव एक. भाऊबीजेला ठमी त्याला ओवाळायची. भावाबहिणीचं लग्न कुणी खरं मानील का? म्हणूनच तो निवडला. तो पाटावर बसला तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि तोही हसत होता.

उजेड चांगला म्हणून मांडव मिठागराच्या कडेला, उघड्यावर घातला होता. चार बांबू आणि वर माडाच्या झावळ्या. दादा म्हणाले, "दोन-चार ओळी बस झाल्या, सगुणाबाई. बाकी आम्ही जुळवून घेऊ."

तिनं मान हलवली. मनात तेवढंच होतं. पण गाणं अर्ध्यात सोडणं तिला येतच नव्हतं. एका ओळीचा हात दुसरीच्या हातात होता. तिनं गणपतीला हाक घातली, मग गावदेवीला, मग वेशीवरच्या, बांधावरच्या, खाडीतल्या देवांना. आवाज चढत गेला. कामावरच्या बायका घमेली ठेवून एकेक करून मांडवात येऊन बसल्या, डोक्यावर पदर घेऊन. चंदरचं हसू थांबलं. देव झाले, घरातले थोर झाले. सासूचं नाव घेतलं आणि मग तिनं ठमीच्या बापाला बोलावलं, मुलीच्या खऱ्या लग्नात बोलावलं असतं तसं. ठमीला रडू फुटलं. चित्र घेणाऱ्या यंत्रातली फीत संपली, यंत्र चालवणारा बाजूला झाला, पण सगुणाबाईचे डोळे मिटलेले होते. शेवटची ओळ आली तेव्हा बायकांचे हात सवयीनं उठले आणि अक्षता पडल्या.

मग शेजारची म्हातारी सखुबाई हळू म्हणाली, "सगुणे, काय केलंस गो?"

दादांनी पुढं येऊन सगुणाबाईला हात जोडले. त्यांचे डोळे भरले होते. दुसऱ्या दिवशी ते आपली माणसं, यंत्रं घेऊन निघून गेले.

त्यानंतर कुजबुज झाली, पण थोडी. सदाचा आजा वारल्यानं त्यांच्या घरी लग्न वर्षभर पुढे गेलं, तेवढ्यात लोक विसरतील असं सगुणाबाईला वाटलं. ठमीला ती म्हणायची, "पोरखेळ त्यो. कोण मनावर घेतंय?"

त्या पावसाळ्यात अमावास्येच्या उधाणाला बांध फुटला. खाडीचं पाणी भातशेतीत शिरायला लागलं. गावातले झाडून सगळे पुरुष बांधाला पडलेल्या खांडीवर धावले, चिखल, दगड, पेंढा, हाताला येईल ते टाकत राहिले. चंदर कडेला उभा राहून दगड देत होता. पायाखालची माती गेली आणि तो त्या ओढीत सापडला. ओहोटी लागल्यावर तिवरांच्या झुडपांच्या मुळांत अडकलेला मिळाला. त्या साली भात लाल पडलं, दाणा आला नाही.

मग लोक बोलायला लागले. देवांना हाका मारून बोलावलं, आणि ते येऊन बघतात तर पाटावर भाऊ-बहीण. सगुणाबाईच्या तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. ती विहिरीवर आली की बोलणं थांबायचं, एवढंच.

पुढच्या चैत्रात सरकारी प्रचाराची गाडी आली. मारुतीच्या देवळासमोर दोन माडांमध्ये मोठा पांढरा पडदा बांधला. आपल्या गावाचा चित्रपट दाखवणार म्हटल्यावर आजूबाजूच्या गावांतूनही माणसं आली. खाडीपलीकडून सदा आणि त्याची आई आली. दिवेलागण झाली आणि यंत्र सुरू झालं.

आधी पेणचे हात दिसले, मातीवर फिरणारे. मग शिडाच्या होड्या. मग मिठाचे ढीग, आणि लोक ओरडायला लागले, "तो बघ आपला बांध! ती बघ सखुबाय!" हशा, शिट्ट्या. आणि मग मांडव आला. पडद्याएवढा मोठा चंदर, मुंडावळ्या बांधलेला, खाली मान घालून हसू दाबणारा.

शिट्ट्या थांबल्या. ऐकू येत होती ती सनई, आणि हिंदीत काहीबाही सांगणारा कुणा पुरुषाचा आवाज. पडद्यावर सगुणाबाईचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिला आधी वाटलं, यंत्र बिघडलं.

भागुबाई उठली. माणसांतून वाट काढत पडद्यापाशी गेली आणि मुलाच्या गालावर हात ठेवला. पडदा हलला, चंदरचं तोंड वेडंवाकडं झालं. "बाई, बाजूला व्हा," गाडीवाला ओरडला. ती वळली. तिच्या अंगावरून मांडव, अक्षता, ठमीचं हळदीचं लुगडं सरकत होतं. ती सरळ बायकांत बसलेल्या ठमीसमोर येऊन उभी राहिली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं.

"तू माझी सून," ती म्हणाली. "माझा चंदर गेला, न् तू कुंकू लावून बसतेस बाय?"

आणि खाली वाकून पदरानं तिनं ठमीचं कपाळ पुसलं.

ठमी हलली नाही. कुणी भागुबाईचा हात धरला नाही. सगुणाबाईनंही नाही. सदाच्या आईनं मुलाच्या दंडाला धरलं आणि ती दोघं चित्रपट संपायच्या आधीच बांधाच्या वाटेनं निघून गेली.

खाडीपलीकडून सोयरीक मोडल्याचा निरोप आला, तो अपेक्षितच होता. सगुणाबाई मोऱ्याहून लाँचनं मुंबईला गेली. मिठाच्या मुकादमानं दादांचा ठावठिकाणा काढून दिला होता. विचारत विचारत ती एका अंधाऱ्या खोलीत पोचली. तिथं वाळत घातलेल्या शेवाळासारख्या फिती लोंबत होत्या आणि त्यांच्यामध्ये दादा बसले होते. त्यांनी तिला लगेच ओळखलं. बसायला खुर्ची दिली, तिनं ती घेतली नाही.

"दादा, तेवढं लगीन काढून टाका त्यातून."

सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "त्याच्या प्रती देशभर गेल्यात, सगुणाबाई. कुठकुठे ते मलाही माहीत नाही. आता ते माझ्या हातात नाही राहिलं."

"न् माझा आवाज? त्यो कुठं गेला?"

"त्या दिवशी खाडीवरचा वारा होता. आवाजाच्या फितीवर नुसती घरघर उतरली. ती टाकून द्यावी लागली."

म्हणजे ज्याच्यासाठी तिनं हे सारं केलं, ते कुठंच नव्हतं. लग्न तेवढं उरलं होतं.

दादा दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गावी आले. त्या वयात, खोकत. देवळासमोर पंच जमले. दादा उभे राहून म्हणाले, "दोष माझा आहे. ते लग्न नव्हतं, चित्रासाठी केलेला देखावा होता. त्या मुलीला त्याची शिक्षा देऊ नका."

तुकाराम पाटलांनी त्यांना मानानं बसायला सांगितलं. मग म्हणाले, "साहेब, तुमचं खोटं व्हतं, हे आमाला ठाव हाय. तिचं खोटं व्हतं का, ते तिनं सांगावं. सगुणे, देव बोलावलेस का न्हाय?"

ठमी दूर, पिंपळाच्या पाराआड उभी होती. सगुणाबाईनं तिच्याकडे पाहिलं.

"न्हाय बोलावले," ती म्हणाली. "मधली नावं गाळली. खोटंच गायले."

मांडवात जवळ बसलेल्या सखुबाईला माहीत होतं की एकही नाव गळलं नव्हतं. तिनं मान खाली घातली आणि ती गप्प राहिली. पंच एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात बायकांतून कुणीतरी म्हणालं, "मग आमच्या लग्नात काय काय गाळलंस गो?"

एक बोलली तशा आणखी बोलल्या. कुणाचं मूल जगलं नव्हतं, कुणाच्या नवऱ्यानं दुसरी केली होती. ज्याचं त्याचं दुखणं त्या संध्याकाळी सगुणाबाईच्या गाळलेल्या नावांपाशी येऊन पोचलं. पाटलांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि ठमी मोकळी आहे असं सांगितलं.

पण सदाचं लग्न तोवर दुसरीकडे ठरलं होतं, आणि मोकळ्या ठमीला मागणी घालायला कुणी आलं नाही. पंच काहीही म्हणोत, पडद्यावर तिला नवरी झालेली सगळ्यांनी पाहिली होती. सगुणाबाईला त्या वैशाखात एकाही घरून बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्या वैशाखातही नाही. खालच्या आळीत बॅन्ड आला, लग्न लावायला भटजी आला आणि लोकांचं चालून गेलं.

धक्क्यावर लाँचमध्ये चढताना दादा तिला म्हणाले होते, "हे असं होईल, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं."

"व्हय," ती म्हणाली होती. "माज्याबी."

ते पुन्हा आले नाहीत. छातीच्या दुखण्यानं ते अंथरुणाला खिळले, असं पुढं मुकादमाकडून कळलं. मालिकेचे राहिलेले भाग दुसऱ्याच कुणी केले म्हणे.

मायलेकी एकाच वाफ्यात मीठ ओढत. ठमी कामापुरतं बोलायची. रेडिओची गाणीही तिनं सोडली होती. एकदा दुपारी सावलीला भाकरी खाताना ती आपणहून म्हणाली, "आये, पंचांपुढं तू खोटं गायले म्हणालीस ना."

"व्हय."

"मग त्या दिवशीच खोटं का न्हाय गायलीस?"

ठमी उठून कामाला लागली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही, आणि सगुणाबाईला दुसरं काही सुचेनासं झालं.

पुढं मीठ घेऊन दक्षिणेला जाणाऱ्या एका मचव्यावरच्या खलाशांच्या म्होरक्यानं, तांडेलानं, दिवेआगरचं स्थळ सुचवलं. रामचंद्र नावाचा बिजवर, नारळ-सुपारीच्या वाडीत कामाला. पहिली बायको बाळंतपणात गेलेली. ठमीनं लगेच हो म्हटलं, पण आईला बजावलं, "तिथं तू कोण ते सांगायचं न्हाय. मिठागरात राबते, एवढंच सांग." हरिहरेश्वराच्या देवळात भटजीनं लग्न लावलं. सगुणाबाई मागं उभी होती. नवरा-नवरी समोरासमोर आली, अंतरपाट धरला आणि तिचे ओठ आपोआप हलू लागले. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि अक्षता पडेस्तोवर तसाच धरून ठेवला.

ठमीला मुलगी झाली तेव्हा ती भेटायला गेली. होडी आणि एस.टी. बदलत पोचायला दिवस गेला. ठमीनं आईला पाणी दिलं, जेवू घातलं, प्रवासाची चौकशी केली. सगळं पाहुणीशी करावं तसं. विहीण नीराबाई मात्र मोकळी बाई होती. सुपारी सोलत बसली होती, तिनं नातीला उचलून सगुणाबाईच्या मांडीवर दिलं.

"तुमच्या तिकडल्या बाया भारी गातात म्हणे. गा की नातीला काहीतरी."

ठमी चुलीपाशी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"तिला न्हाय येत," ती म्हणाली.

सगुणाबाई नातीच्या कपाळावरची तीट बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय. मना न्हाय येत गो."

"बया! आज्जी असून?" नीराबाई हसली आणि स्वतःच काहीतरी गुणगुणू लागली. पोर त्यावर झोपली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं सगुणाबाई परत निघाली. ठमी दारापर्यंत आली. वाडीतल्या शहाळ्यांची पिशवी तिनं आईच्या हातात दिली आणि पोर रडते म्हणून आत गेली.

सगुणाबाई त्यानंतर थोडीच वर्षं होती. मिठाच्या कामानं हातापायांची कातडी गेली होती, नजरही मंद झाली. शेवटच्या पावसाळ्यात ती अंथरुणावरच असायची. सखुबाई तेवढी येऊन बसायची, तीही वाकलेली. एका दुपारी कुणी आसपास नाही असं पाहून सखुबाई म्हणाली, "सगुणे, आता कोण ऐकतंय? म्हण एकदा. मना ऐकायचंय."

सगुणाबाई पडल्या पडल्या आढ्याकडे पाहत राहिली. मग तिनं सुरुवात केली. गणपती आला. गावदेवी आली. पुढं ती थांबली. पुन्हा गणपतीपासून निघाली, पुन्हा गावदेवीपाशी येऊन थांबली.

"पुढं कोण गो?" तिनं विचारलं.

सखुबाईलाही आठवेना. दोघी बराच वेळ आठवत बसल्या. मग सखुबाई उठली आणि चुलीवर पेजेचं पाणी ठेवायला गेली.